फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या ॲक्सलची निगा : महागात पडणाऱ्या चुका कशा टाळाव्यात

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचा ॲक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आस, खडकावर आपटून मोडल्याची उदाहरणे आहेत. परंतु त्यांहून कितीतरी अधिक ॲक्सल दोन कारणांनी हळूहळू निकामी होतात. एक म्हणजे आत शिरलेले पाणी आणि दुसरे म्हणजे अंदाजाने आवळलेला नट. दोन्ही कारणे बाहेरून दिसत नाहीत, गाडी चालत राहते, आणि आवाज येऊ लागतो तेव्हा बहुधा बेअरिंग आणि क्राउन-पिनियन (इंजिनची ताकद चाकांकडे वळवणारी मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची जोडी) दोन्ही बदलण्याची वेळ आलेली असते. काही शेकडा रुपयांचे सील किंवा दोन-तीन लिटर तेल वेळेवर बदलले असते, तर हा खर्च आलाच नसता. पुढील मार्गदर्शन त्यासाठी आहे. स्वतः पाना हाती घेणाऱ्यांसाठी, तसेच मिस्त्रीकडून काम करून घेताना नेमके काय विचारायचे हे ठाऊक असावे असे वाटणाऱ्यांसाठी.

सुरुवात आपल्या गाडीखाली काय आहे हे पाहण्यापासून करावी. मारुती जिप्सी आणि जिम्नी यांना पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे, म्हणजे डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकच पोलादी हाउसिंग (कवच). नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या २०२० सालच्या पिढीत मागचा ॲक्सल अखंड आहे, पण पुढचा डिफरन्शियल (वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) वरच्या सांगाड्याला बसवलेला असून त्यातून दोन स्वतंत्र शाफ्ट चाकांकडे जातात. या फरकामुळे पुढच्या बाजूला काय तपासायचे हे बदलते. तेलाचा दर्जा, त्याचे प्रमाण आणि प्रत्येक बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) हे आकडे मात्र आपल्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यावेत, दुसऱ्याच्या गाडीवरून नव्हे.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी सपाट जमिनीवर उभी करून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावावेत. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, त्यामुळे मागची बाजू उचलली की त्याचा काहीही उपयोग राहत नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. ॲक्सलच्या दोन्ही नळ्यांखाली मजबूत स्टँड लावावेत. जॅक डिफरन्शियलच्या पातळ पत्र्याच्या झाकणावर टेकवू नये, कारण ते चेपले की झाकणाच्या कडेने तेल गळू लागते.

पाणी आत कसे शिरते

ॲक्सलच्या टोकांना आणि पिनियनला जी ऑइल सील असतात, त्यांची ओठासारखी रबरी कड आतल्या बाजूला वळलेली असते, कारण तिचे मुख्य काम आतले तेल बाहेर येऊ न देणे हे आहे. बाहेरचे पाणी आत जाऊ न देण्याचे काम ती अर्धवटच करते. ही अर्धवट क्षमता एरवी पुरते, कारण हाउसिंगवर ब्रीदर नावाचे एक लहान छिद्र असते आणि त्यातून हवा आत-बाहेर होऊन दोन्हीकडचा दाब समान राहतो. ब्रीदर चिखलाने बुजला की मात्र चित्र पालटते.

महामार्गावर तासभर धावलेल्या गाडीचा ॲक्सल चांगलाच तापलेला असतो. आतली हवा ८० अंश सेल्सियसवर आहे असे धरले आणि गाडी ओढ्यात उतरवल्यावर ती ३० अंशांपर्यंत थंड झाली, तर बंद हाउसिंगमधील दाब सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. इतकी ओढ साधारण १.४ मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाएवढी असते. ओढ्यात पाणी गुडघाभरच होते, हे समाधान म्हणूनच खरे नाही. बुजलेला ब्रीदर गुडघाभर पाण्यातही सीलच्या कडेने पाणी आत खेचून घेतो.

पाण्यातून जाण्याची खोली कंपन्या जाहिरातीत सांगतात, आणि थारसाठी ती ६५० मिमी आहे. हा आकडा वाचताना ॲक्सल कुठे आहे याचा विचार करावा. २५५/६५ आर १८ मापाच्या टायरवर चाकाचा मध्य जमिनीपासून सुमारे ३८ सेंटिमीटरवर येतो, म्हणजे सांगितलेली मर्यादा गाठण्याच्या पुष्कळ आधी हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग), सील आणि डिफरन्शियल पूर्ण बुडालेले असतात. तेवढ्या पाण्यातून गाडी बाहेर येते हे खरे, पण बाहेर आल्यावर ॲक्सलमध्ये काय शिल्लक आहे हे तपासणे मालकाच्याच हाती असते.

यावरील पहिला उपाय फुकट आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी गाडी दहा-पंधरा मिनिटे उभी करावी आणि हब हाताला सोसवतील इतके निवू द्यावेत. ताम्हिणीच्या किंवा वरंध्याच्या घाटातून खाली येऊन, ब्रेक आणि ॲक्सल दोन्ही तापलेले असताना थेट ओढ्यात उतरणे ही टाळता येण्याजोगी चूक आहे. (पुलावरून किंवा फरशीवरून पुराचे पाणी वाहत असेल, तर थांबण्याचे कारण ॲक्सल नसून जीव आहे, तिथे कोणतीही गाडी घालू नये.)

दुसरा उपाय ब्रीदरची नळी वर नेणे हा आहे. हाउसिंगवरचा मूळ ब्रीदर काढून, तिथे योग्य आट्यांचे नोझल बसवावे आणि तेलाला टिकणारी इंधनाची नळी पुढच्या ॲक्सलसाठी इंजिनच्या कप्प्यात वरपर्यंत, तर मागच्यासाठी टेललॅम्पच्या उंचीपर्यंत न्यावी. चाक पूर्ण खाली लोंबकळले तरी नळी ताणली जाणार नाही एवढी ढील ठेवावी, ती सायलेन्सरपासून दूर असावी, कुठेही दुमडू नये, आणि टोकाला छोटा फिल्टर लावून ते खाली वळवावे. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटून देणारी पेटी) यांनाही ब्रीदर असतात. तेही याच वेळी पाहून घ्यावेत. नळी वाढवायची नसेल, तर निदान प्रत्येक पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर ब्रीदर काढून रॉकेलने धुवावा आणि त्यातून फुंकर सहज जाते का ते पाहावे. ज्या ब्रीदरला टोपी असते, ती बोटाने सहज हलली पाहिजे.

गाडी धुतानाही हीच काळजी लागते. वॉशिंग सेंटरमध्ये जोरदार पाण्याचा झोत चिखल निघावा म्हणून थेट हबच्या मागे, पिनियनच्या सीलवर आणि ब्रीदरवर धरला जातो. ओढ्याने जे केले नसते ते हा झोत करतो. या तीन ठिकाणी चिखल भिजू देऊन साध्या पाण्याने आणि ब्रशने काढावा. भातखाचरांच्या बाजूने किंवा गवतातून गाडी नेली असेल, तर पिनियनच्या फ्लँजभोवती (इंजिनकडून येणारा शाफ्ट जिथे जोडला जातो त्या चकतीभोवती) आणि हबच्या मागे पेंढा, सुतळी, प्लॅस्टिकची दोरी गुंडाळलेली आहे का तेही पाहावे, कारण ती फिरता फिरता सीलची कड कापते. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक किनाऱ्यांवर त्याला बंदी आहे आणि वेळाससारख्या ठिकाणी त्या वाळूत कासवांची अंडी असतात. काही कारणाने खारे पाणी लागलेच, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालची बाजू भरपूर धुवावी.

तेल तपासणे आणि बदलणे

ॲक्सलचे तेल तपासायला पट्टी नसते, म्हणून ते वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. तपासण्याची पद्धत मात्र सोपी आहे. बहुतेक गाड्यांत हाउसिंगच्या मध्यावर तेल भरण्याचा बोल्ट असतो. गाडी सपाट उभी करून तो उघडला, की तेल छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असले पाहिजे. करंगळी आत घालून पातळी आणि तेल दोन्ही पाहता येतात. पाणी मिसळलेले तेल दुधाच्या चहासारखे दिसते. गाडी रात्रभर उभी असेल, तर पाणी तळाशी बसते आणि वरचे तेल स्वच्छ भासते, त्यामुळे ओढा पार केल्यानंतर शंका असल्यास खालचा बोल्ट हलकेच ढिला करून आधी पाणी येते की तेल हे पाहावे.

तेल बदलताना सर्वांत जास्त होणारी चूक क्रमाची आहे. आधी खालचा बोल्ट उघडून सगळे तेल काढले जाते आणि मग वरचा, म्हणजे तेल भरण्याचा, बोल्ट गंजून जाम झालेला असल्याचे लक्षात येते. आता ॲक्सल रिकामा आहे आणि भरायला वाट नाही, अशी अडचण होते. म्हणून आधी वरचा बोल्ट उघडावा, तो निघाला तरच खालचा उघडावा. बोल्टच्या खाचेत बसणारा नेमका पानाच वापरावा; जवळपासच्या मापाच्या पान्याने खाच झिजते आणि पुढे वेल्डिंगने नट चिकटवून बोल्ट काढावा लागतो. तेल गाडी थोडी फिरवून आणल्यावर, कोमट असताना काढावे, म्हणजे गाळ त्याबरोबर वाहून जातो.

खालच्या बोल्टला बहुधा चुंबक असते. त्यावर जमलेला राखाडी, मलमासारखा मऊ थर ही नेहमीची झीज आहे आणि तो पुसून टाकावा. बोटाला टोचणारे कण, पापुद्र्यासारखे चकाकणारे तुकडे किंवा दाताचा कोपरा वाटावा असा तुकडा मिळाला, तर नवे तेल भरून गाडी रस्त्यावर काढू नये. पापुद्रे बहुधा बेअरिंगच्या कड्यांचे असतात आणि त्या टप्प्यावर हाउसिंग उघडले, तर क्राउन-पिनियन वाचण्याची शक्यता चांगली असते.

आत पाणी गेले असेल तर अनेक ठिकाणी हाउसिंग डिझेलने किंवा रॉकेलने धुतात. हे टाळावे, कारण नळ्यांच्या टोकांना उरलेले डिझेल नव्या तेलात मिसळून ते पातळ करते. त्याऐवजी योग्य दर्जाचेच, पण स्वस्त तेल भरून गाडी वीस-तीस किलोमीटर ओझ्याविना चालवावी, ते काढून टाकावे आणि मग कायमचे तेल भरावे. काढलेले तेल पुन्हा दुधाळ निघाले तर ही कृती आणखी एकदा करावी. तेलाचा हा खर्च जिवावर येतो, पण गंजाचा एक ठिपका बेअरिंगच्या कड्यावर पडला की तो परत जात नाही.

तेलाच्या डब्यावरचे जीएल-५ हे अक्षर-अंक पाहणे आवश्यक आहे. क्राउन आणि पिनियन यांचे दात एकमेकांवर दाबाखाली घसरत फिरतात, आणि जीएल-५ तेलातील द्रव्ये त्या दाबाला टिकणारा थर देतात. तेच तेल गिअरबॉक्समध्ये मात्र सरसकट भरू नये, कारण त्यातील काही द्रव्ये गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना मानवत नाहीत. तिथे बऱ्याच गाड्या जीएल-४ मागतात. ट्रान्सफर केसचे तेल तर आणखी वेगळे असू शकते. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलला (एकच चाक घसरून मोकाट फिरू न देणाऱ्या प्रकाराला) त्याच्यासाठीचे तेल किंवा पूरक द्रव्य लागते, नाहीतर वळणावर मागून कटकट आवाज येतो आणि आतल्या चकत्या झिजतात. एकाच डब्यातून सगळीकडे तेल भरणारा माणूस घाईत असतो, त्याला थांबवावे.

अधिक तेल म्हणजे अधिक संरक्षण असेही नव्हे. छिद्राच्या कडेच्या वर तेल भरले, तर ते फिरत्या क्राउनने घुसळले जाते, तापते, फेसाळते आणि सीलमधून बाहेर पडून मागच्या ब्रेक लायनरवर पोहोचते. मग लायनरही बदलावे लागतात. झाकण उघडले असेल तर सिलिकॉनची एकसंध बारीक रेघ पुरेशी असते; जाड थर आतल्या बाजूला सुटून तेलाच्या वाटा अडवतो. डब्यावर सांगितलेला वेळ सिलिकॉन सुकू द्यावे आणि नंतरच तेल भरावे.

पुढची बाजू

अखंड पुढच्या ॲक्सलमध्ये चाक वळते त्या जागी नकल असते, आणि जिप्सी किंवा जिम्नीमध्ये ती बंद गोलाच्या स्वरूपाची असून तिच्या आत सीव्ही जॉइंट (चाक वळले तरी शाफ्ट फिरता ठेवणारा सांधा) ग्रीसमध्ये काम करत असतो. या गोलाच्या मागच्या कडेला एक फेल्ट आणि रबराची पट्टी असते, जी गोलावरचा चिखल पुसत राहते. ती कुजली की चिखल आणि पाणी थेट सीव्ही जॉइंटपाशी जाते. गोलावर तेलाचा अगदी पातळ थर दिसणे योग्य आहे. तिथून पातळ, काळपट द्रव ओघळत असेल, तर आतले ॲक्सल सील गेले आहे आणि डिफरन्शियलचे तेल नकलमधील ग्रीसमध्ये मिसळत आहे, असे समजावे. अशा वेळी केवळ बाहेरची पट्टी बदलून गळती थांबल्यासारखी वाटते आणि दोन महिन्यांत डिफरन्शियलमधले तेल कमी झालेले आढळते. आतले सील बदलल्याशिवाय हे काम पूर्ण होत नाही.

सील बदलण्यासाठी शाफ्ट बाहेर काढताना त्याचे वजन हाताने तोलून धरावे. शाफ्ट सीलच्या कडेवर ओढत आणला, की नवे सीलही पहिल्याच दिवशी कापले जाते. नवे सील बसवण्यापूर्वी त्याच्या कडेला ग्रीस लावावे आणि शाफ्टवर सील जिथे टेकते तिथे नखाने चाचपून खाच पडली आहे का ते पाहावे. खाच असेल तर सील कितीही चांगले असले तरी गळणारच. तिथे दुरुस्तीची पातळ स्लीव्ह चढवता येते किंवा सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवता येते.

नकलच्या वर आणि खाली किंगपिनची (नकल ज्यांवर वळते त्या खुंट्यांची) बेअरिंग असतात. चाक उचलून वरून आणि खालून धरून हलवावे. खेळ जाणवला तर सहकाऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष हबच्या बेअरिंगमध्ये आहे, आणि तसाच राहिला तर किंगपिनमध्ये. ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाला स्टिअरिंग जोरात थरथरत असेल, तर पुष्कळजण आधी स्टिअरिंग डॅम्पर बदलतात. डॅम्पर थरथर झाकतो. तिचे मूळ बहुधा किंगपिनच्या बेअरिंगमध्ये, टाय रॉडच्या टोकात, बुशांमध्ये किंवा चाकाच्या बॅलन्सिंगमध्ये असते.

थारसारख्या गाडीत पुढचे सीव्ही जॉइंट रबरी बुटांमध्ये असतात. चाके पूर्ण वळवून टॉर्चच्या प्रकाशात बुटाच्या प्रत्येक घडीत पाहावे. चीर दिसली आणि जॉइंटचा आवाज अजून येत नसेल, तर शाफ्ट काढून, जुने ग्रीस पूर्ण पुसून, नवे ग्रीस भरून नवा बूट बसवणे हे किरकोळ काम आहे. पूर्ण वळणावर टकटक आवाज येऊ लागल्यावर बूट बदलण्यात अर्थ नसतो, तेव्हा जॉइंट किंवा अख्खा शाफ्टच घ्यावा लागतो. गाडी उंच केली असेल तर या बुटांच्या घड्या कायम ताणलेल्या कोनात फिरतात आणि लवकर फाटतात, म्हणून तपासणी अधिक वेळा करावी.

हबचे बेअरिंग आणि प्रोपेलर शाफ्ट

जिथे हबमध्ये निमुळती रोलर बेअरिंग जोडीने बसतात, तिथे त्यांचा ताण एका नटवर ठरतो. नट ढिला राहिला तर चाक डुलते आणि सील झिजते, फार आवळला तर बेअरिंग तापून निळे पडते. चाक फिरवत फिरवत नट आवळावा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग तो ढिला करावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या हलक्या टॉर्कवर पुन्हा आणावा. शेवटी लॉक वॉशरची पाकळी दुमडावी. छिन्नी-हातोड्याने नट ठोकून बसवणाऱ्याला हा हलका टॉर्क कळण्याचा मार्गच नसतो. हबच्या नटचा नळीसारखा पाना महाग नाही, तो स्वतःजवळ ठेवावा आणि गॅरेजला द्यावा. काम झाल्यावर वीस किलोमीटर चालवून चारही हबना हात लावून पाहावा. एक हब आपल्या जोडीदारापेक्षा स्पष्टपणे गरम लागला, तर ब्रेक घासत आहे किंवा बेअरिंग जास्त आवळले आहे.

प्रोपेलर शाफ्टच्या (ट्रान्सफर केसकडून ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसना, म्हणजे टोकांच्या अधिकच्या चिन्हासारख्या सांध्यांना, ग्रीस निपल असतील, तर चारही कपांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावे. तीनच कपांतून आले तर चौथा कोरडा आहे आणि तो क्रॉस लवकरच जाणार आहे. शाफ्ट काढण्यापूर्वी फ्लँजवर आणि सरकत्या जोडावर खुणा कराव्यात. खुणांविना जोडलेला शाफ्ट एका खाचेने जरी फिरून बसला, तरी थरथर सुरू होते आणि तिचा मार पिनियनच्या बेअरिंगला बसतो.

पिनियनचे सील : सर्वांत महाग पडणारी स्वस्त दुरुस्ती

पिनियनच्या तोंडाशी तेल गळते, सील बदलायचे ठरते, मिस्त्री शाफ्ट सोडतो, मोठा नट काढतो, फ्लँज ओढतो, नवे सील ठोकतो आणि इम्पॅक्ट गनने नट कचकचून आवळतो. गळती थांबते. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत ताशी पन्नासच्या पुढे मागून बारीक सूर ऐकू येऊ लागतो.

याचे कारण त्या नटखाली दडलेले असते. अनेक ॲक्सलमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मध्ये चेपणारी पातळ स्लीव्ह असते. कारखान्यात नट आवळताना ती ठरावीक मापाने चेपते आणि बेअरिंगांवर नेमका ताण येतो. नट मूळ जागेच्या पुढे गेला तर स्लीव्ह आणखी चेपते, ताण वाढतो आणि बेअरिंग तापू लागतात. शिवाय नट मागे फिरवून चूक सुधारता येत नाही, कारण चेपलेली स्लीव्ह पुन्हा उमलत नाही. नट मूळ जागेच्या अलीकडे राहिला, तर पिनियन पुढे-मागे सरकते आणि दात चुकीच्या जागी घासतात. म्हणजे दोन्ही बाजूंना तोटाच आहे, आणि इम्पॅक्ट गनला मधली जागा सापडत नाही.

हे काम करण्याची पद्धत अशी आहे. चाके उचलून ब्रेक मोकळे करावेत. नट सोडण्यापूर्वी लहान आकड्यांच्या टॉर्क पान्याने पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजून लिहून ठेवावे. मग नट, पिनियनचे टोक आणि फ्लँज यांवर एका रेषेत टोकदार खूण करावी आणि नटच्या बाहेर किती आटे दिसतात ते मोजावे. फ्लँज निघाल्यावर सील जिथे टेकते त्या जागी खाच आहे का ते पाहावे. खाच असेल तर फ्लँज बदलावा. फ्लँजच बदलला, तर जुनी खूण उपयोगाची राहत नाही आणि मोजलेला जोर हाच आधार उरतो. नवे सील सरळ, सगळीकडून सारखे ठोकून बसवावे. नंतर नवा नट घालून लांब दांड्याच्या हातपान्याने थोडा थोडा आवळावा, प्रत्येक वेळी पिनियन फिरवण्याचा जोर मोजावा, आणि तो आधी लिहिलेल्या आकड्याइतका किंवा मॅन्युअल सांगते तेवढाच किंचित अधिक झाला की थांबावे. ज्या ॲक्सलमध्ये स्लीव्हऐवजी भक्कम स्पेसर आणि शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) असतात, तिथे नट पूर्ण टॉर्कने आवळायचा असतो. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे हे काम सुरू होण्याआधीच ठाऊक असले पाहिजे. हे मोजमाप ज्या गॅरेजमध्ये करत नाहीत, तिथे हे काम देऊ नये. तेलाची पातळी राखत थोडी गळती काही दिवस सोसणे त्यापेक्षा बरे.

कोरडा रस्ता आणि विजोड टायर

थार, जिप्सी, जिम्नी यांसारख्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. फोर-व्हील ड्राइव्ह लावला की दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब अंतर कापतात, आणि हा फरक चिखलात किंवा वाळूत चाके घसरून मोकळा होतो. कोरड्या डांबरावर चाके घसरत नाहीत, त्यामुळे तो ताण शाफ्ट, क्रॉस आणि क्राउन-पिनियनमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होणे, गाडी अडल्यासारखी वाटणे, फोर-व्हील ड्राइव्हची लिव्हर त्या स्थितीतून बाहेर न निघणे ही त्याची लक्षणे आहेत. लिव्हर ओढाताण करून काढू नये. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी, म्हणजे ताण सुटतो. डिफरन्शियल लॉकला (डावे-उजवे चाक एकाच वेगाला बांधणाऱ्या सोयीला) हाच नियम अधिक कडकपणे लागू आहे.

सरळ रस्त्यावरही हा ताण निर्माण होऊ शकतो आणि त्याला टायर कारणीभूत असतात. पुढे झिजलेले आणि मागे नवे टायर असून नक्षीच्या उंचीत ५ मिमीचा फरक असेल, तर परिघात सुमारे ३१ मिमीचा फरक पडतो. थारच्या मापाच्या टायरवर ढोबळमानाने हा फरक दर किलोमीटरला १२ मीटरच्या आसपास जातो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि एकसारखे झिजलेले असावेत, त्यांची अदलाबदल नियमाने करावी आणि स्टेपनीलाही त्या फेऱ्यात घ्यावे. मोठे टायर बसवण्याचा मोह होतो, पण वाढलेल्या वजनाचा आणि तरफेचा भार मूळ मापाच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवरच पडतो.

आवाजाचे निदान

आवाज आला की थेट डिफरन्शियल उघडणे ही घाई ठरू शकते. जाड नक्षीचे टायर डिफरन्शियलसारखाच घों-घों आवाज करतात. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की जो आवाज बदलतो, तो बहुधा टायरचा असतो. ॲक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना जो बदलतो, तो दातांचा असतो. आणि गाडी डावी-उजवीकडे हलकेच वळवताना जो वाढतो-घटतो, तो हबच्या बेअरिंगचा असतो. गिअर टाकताना येणारा एकच ठोका आधी क्रॉसमध्ये शोधावा. मागच्या टायरची आतली कड सतत झिजत असेल आणि एकाच बाजूचे सील वारंवार जात असेल, तर हाउसिंग वाकले आहे का ते मोजून घ्यावे. वाकलेल्या हाउसिंगमध्ये कितीही सील बदलली तरी गळती थांबत नाही.

क्राउन-पिनियन बदलावेच लागले तर

क्राउन आणि पिनियन नेहमी एकाच जोडीचे घ्यावेत, कारण ते कारखान्यात एकमेकांबरोबर घासून जुळवलेले असतात. एकाचा दात तुटला म्हणून फक्त तेवढाच भाग, तोही भंगारातून आणून बसवणे म्हणजे तेच काम पुन्हा करण्याची तयारी आहे. जुनी बेअरिंग नव्या जोडीबरोबर वापरू नयेत. डिफरन्शियलच्या बेअरिंगवरच्या डाव्या-उजव्या टोप्या उघडण्यापूर्वी त्यांवर वेगवेगळ्या खुणा कराव्यात, कारण त्या हाउसिंगबरोबर एकत्र कातलेल्या असतात आणि अदलाबदल चालत नाही. जोडणीनंतर दोन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात : डायल गेजवर दातांमधील मोकळीक, जी बऱ्याच गाड्यांत ०.१५ ते ०.२० मिमीच्या आसपास असते, आणि दातांना रंग लावून फिरवल्यावर उमटणारा ठसा, जो दाताच्या मध्यावर यायला हवा. ठसा टोकाला किंवा मुळाशी आला, तर शिम बदलून पुन्हा जुळवणी करावी लागते. त्याला लागणारा अर्धा दिवस मिस्त्रीला द्यावा आणि त्याची मजुरी आनंदाने मोजावी.

नव्या जोडीवर पहिल्याच दिवशी घाट चढू नये किंवा ट्रेलर ओढू नये. पहिल्यांदा वीस-पंचवीस किलोमीटर सौम्य वेगाने चालवून गाडी पूर्ण निवू द्यावी, हे दोन-तीन वेळा करावे आणि पहिले काही शे किलोमीटर जड ओझे टाळावे. ८०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान पहिले तेल काढून टाकावे, चुंबक पुसावे, त्यावर टोचणारे कण नाहीत याची खात्री करावी आणि योग्य दर्जाचे तेल छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत भरावे. तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि तेलाचा दर्जा गाडीच्या वहीत लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी हाउसिंग उघडणाऱ्याला आत काय आहे हे विचारावे लागणार नाही.